तळाचा दाणा

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका शेठजींचं तुरीचं दुकान आहे. गावातल्या हौशी मंडळांना पेटी-तबल्याशिवाय गायचं असलं, की गाणं निवडायला सगळे त्यांच्याकडेच जातात. ते स्वतः कधी गात नाहीत. मंडळाला आधी एक आरती म्हणायला लावतात आणि डोळे मिटून मागच्या रांगेकडे कान लावून बसतात.

"वाजवायला काई न्हाई, म्हणजे झाकायला बी काई न्हाई," ते म्हणतात. "पोतं वरून बघून घेत न्हाईत, सर. तळाचा दाणा बघतेत. गाणं सगळ्यात कच्च्या गळ्याला झेपंल असंच द्यायचं."

पापड लाटणाऱ्या बायकांना त्यांनी वळणावळणाची अवघड चाल दिली. आम्हा शिक्षकांना मात्र दरवर्षी दोन ओळींचा पाळणा! मी दरवर्षी भांडायचो. आमच्यातला कच्चा गळा चित्रकलेच्या सरांचा, हे मला ठाऊक होतं. तो झाकला जावा म्हणून मी मागच्या रांगेत मुद्दाम त्यांच्या शेजारी उभा राहून मोठ्यानं गायचो.

यंदा त्यांनी आम्हाला ती बायकांची चाल दिली. मी आनंदानं त्यांचे दोन्ही हात धरले.

"पटलं ना शेवटी?"

"हाव," ते मूठभर तूर चाळत म्हणाले. "चित्रकलेच्या सरांना पुढच्या रांगेत घ्या, ग्वाड गळा हाय. अन् सर, तुमचं बोलणं लई खणखणीत हाय. यंदा सूत्रसंचालन तुमीच करा."