तेलाविना अर्धा तास

सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "आमची सून दात बघते." एकदा एक आजोबा दाढ धरून दारात उभे! हा किस्सा तिनं स्वतःच हसत हसत कारखान्यात सांगितला आणि तेव्हापासून ती सगळ्यांची दातवाली बाई झाली.

ती बघायची ते मोठ्या हेलिकॉप्टरच्या गिअरचे दात. इंजिन पिसाटासारखं पळतं, वरचा पंखा आपल्या सावकाश चालीनं फिरतो. दोघांचं जमवून घ्यायचं ते गिअरबॉक्सनं. "घरी मी तेच करते," असं ती म्हणायची.

त्या दिवशी तिच्या नव्या गिअरबॉक्सची परीक्षा होती. हवेत असताना तेल गळून गेलं, तरी त्यानं अर्धा तास दम धरायला हवा, म्हणजे पायलटला जमीन गाठता येते. नाही टिकला, तर साहेब जुनीच रचना घेणार होते. तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि तेल सोडून द्यायला सांगितलं.

जाड काचेपलीकडे गिअरबॉक्सची पेटी खडखडू लागली. तापमानाचा काटा चढत चालला. अर्धा तास भरत आला, तशी खडखड हळूहळू थांबली.

"वा! बसलं बघा गाडं रुळावर," साहेब खूश झाले.

तिनं मात्र काय झालं ते ओळखलं. गिअर तापून फुगले होते. दातांमधली फट संपली, म्हणूनच तो आवाज गेला होता. तरी कदाचित निभलं असतं. थोडाच वेळ उरला होता. तिनं पुढे होऊन लाल बटण दाबलं.

"अहो बाई, हे काय केलंत? देवाचं नाव घेऊन थांबला असतात, तर पास झालो असतो!"

"देवाचं नाव घेतलंच होतं साहेब, म्हणून तर थांबवलं. आज नशिबानं निभलं असतं. उद्या यात माणसं बसतील. आणि जाम झालं असतं, तर सगळं वितळून गोळा. चूक कुठे ते कुणी सांगायचं?"

साहेब फणकाऱ्यानं निघून गेले. पेटी गार झाल्यावर उघडली, तेव्हा मात्र आपणहून येऊन उभे राहिले. एका लहान गिअरचे दात निळेजांभळे पडले होते, दोन्ही अंगांनी खरचटलेले. बाकीचे धडधाकट. तिनं त्या दातांवरून बोट फिरवलं, तापल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं.

साहेबांनी वाकून तो गिअर निरखला. मग म्हणाले, "एवढा एकच बदलायचा ना? किती सैल ठेवू या?"

"केसभर."

"खडखड वाढेल हं."

"वाढू दे की," ती म्हणाली.