उतारा

"उतरनं का?" मुलांचं तोंड ओल्या रुमालाने पुसता पुसता अक्का विचारायच्या. तालमीत तोंडाला रंग नसायचा, तरी पुसायच्या. त्या प्रश्नावर मी संशय घेतला. माझी चूक तिथून सुरू झाली, म्हणून आधी तीच सांगतो.

धुळ्याला देवपुरात मी मुलांची नाटकं बसवतो. अक्का रंगभूषेला यायच्या. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पण बोलणं चोख अहिराणी. मी मुलांच्या तोंडातला, 'आहे'च्या जागी येणारा 'शे' घासून काढायचो आणि अक्का तो परत आणायच्या. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "नाटकमा नको भाऊ. पन घर जाताना तर 'शे' शे ना?"

तालीम संपली की त्या एकेकाला आतल्या खोलीत घेऊन दार लोटायच्या. तुम्हीही कधी तालमीला बसला असाल, तर लोटलेलं दार मास्तरला कसं खुपतं हे तुम्हाला ठाऊक असेल.

एकदा आमची नायिका घाईने आत निघाली. पंधरा वर्षांची पोर.

"सर, माझा उतारा राहिलाय."

"कोणत्या नाटकातला?"

ती हसली. "माझाच, सर."

आमच्यात उतारा म्हणजे पाठ करायचा मजकूर. जळगावची एक मंडळी नव्या नाटकासाठी मुली शोधत असल्याचं कानावर होतं. 'उतरनं का?' म्हणजे उतारा पाठ झाला का, असं धरून मी दोन्ही गोष्टी जोडल्या. अक्का माझी मुलं फोडत आहेत, असं मनात पक्कं झालं. मग त्यांचा डबा, त्यांचा फोन, त्यांचं हसणं, सगळंच संशयाचं वाटू लागलं.

त्याच आठवड्यात अक्का म्हणाल्या, "भाऊ, पोरगी झोपत नाही. रोज तिन्हा बापले नको मारू."

नाटकात तिचा बाप मरतो. तिचे स्वतःचे वडील आदल्या वर्षी गेले होते. रडू कोरडं वाटलं की मी ओरडायचो, "घरचं आठव." ती आठवायची. प्रसंग रंगायचा. अक्कांचं म्हणणं मला डाव वाटलं: आधी हिला माझ्या नाटकातून काढायचं, मग तिकडे न्यायचं. मी म्हणालो, "अक्का, उद्यापासून येऊ नका." त्यांनी रुमाल पिळला, घडी करून पिशवीत ठेवला आणि गेल्या.

जळगावला आमच्या प्रयोगात पोर अशी रडली की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी विंगेत खूश. पडदा पडला, टाळ्या थांबल्या, माणसं चहाला गेली. तिचं रडणं थांबेना. आई जवळ घ्यायला गेली तर ती मागे सरकली.

"अक्का कुठे शेत? मना उतारा कोन करी?"

अंगावरून मीठ-मोहऱ्या उतरवतात, त्यातला तो उतारा. अंगातली भूमिका उतरवण्याला अक्कांनी थट्टेने ठेवलेलं नाव. तोंड पुसायचं आणि विचारायचं, तुनं नाव काय, आज काय खादं, घरमा कोन कोन शे. मूल आपल्या बोलीत, आपल्या नावाने उत्तर देईपर्यंत सोडायचं नाही. हे मला बाकीच्या मुलांनी तिथेच सांगितलं.

पुढे अक्कांनीच तिला चांगल्या डॉक्टरांकडे नेलं. आता ती झोपते, जेवते. नाटकाचं नाव काढत नाही.

अक्का एरंडोलला लेकीकडे राहायला गेल्या. मी तिथे जाऊन माफी मागितली. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले काय सांगस? पोरले सांग."

आतली खोली आता उघडीच असते. दोरीवर रुमाल नाही. तालमीत कुणी सुंदर रडलं की आज मला त्या रडण्याचाच संशय येतो. मी तालीम थांबवतो आणि नाव विचारतो. अक्कांसारखं जमत नाही. मुलं संकोचतात.

एरंडोलहून परतल्यावर मी पोरीच्या दारात गेलो. शुद्ध मराठीत घोकलेली वाक्यं तोंडातून फुटेनात. ती उंबऱ्यात येऊन थांबली.

"सर?"

"बेटा, मनी चूक व्हयनी," मी म्हणालो. "माफ कर."