महालातून बातमी देणारी सुनंदाकाकू

घरातल्या दोन बायकांचं एकमेकींशी पटत नाही, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण त्या न पटण्यातून कुणाचं ताट भरतं, हे तुम्ही कधी विचारलंय का? मला हा प्रश्न कुठल्या सभेत सापडला नाही. तो शिकवला माझ्या सुनंदाकाकूने, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधल्या आमच्या बैठकीच्या खोलीत, चिनी राजवाड्यातल्या राण्यांची मालिका बघता बघता. ती काकू गेल्या महिन्यात गेली.

ड्रेस्डेनला ट्रामच्या थांब्यावर मी भाडेवाढीविरुद्धची पत्रकं वाटत होते, तेव्हा आईचा फोन आला. “वहिनी गेल्या गं,” एवढंच ती म्हणाली. काकूचं हृदय झोपेतच थांबलं होतं. मी घरी पोचले तेव्हा आईची जर्मन शेजारीण सूप घेऊन आली होती. आईचे डोळे बघून तिने विचारलं, “बहीण होती का तुमची?” आई म्हणाली, “नाही, जाऊ. बहिणीपेक्षा अवघड काम होतं ते.”

ते खरंच अवघड होतं. बाबा आणि काका दोघेही एकाच मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर; घरं ट्रामने जवळजवळ. पण आमच्या लहानपणी आई आणि काकू एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागायच्या. गोड बोलायच्या, आणि मोजून बोलायच्या. काकूने चकल्या केल्या की आई अनारसे करायची. आईने गणपतीची आरास केली की पुढच्या वर्षी काकूकडे मखर दुप्पट मोठं. पुण्याहून आजीचा फोन आला की घरातली हवाच बदलायची. “थोरलीच्या पुरणपोळ्या फुटत नाहीत हो,” आजी आईला सांगायची. आणि काकूला सांगायची, “धाकटीने मुलीला मराठी वाचायला शिकवलं, तुझी पोरं जर्मनमध्येच उत्तरं देतात.” बाबांना आणि काकांना याची झळ कधीच लागली नाही. का लागावी? दोन घरांत चढाओढ लागली की जेवायला बसणाऱ्यांची चंगळच असते.

बाबांविषयी तक्रार नाही. पुण्याहून येताना त्यांनी लोणच्याची बरणी काढून ठेवली आणि चळवळीतल्या पत्रकांनी बॅग भरली. मी मराठी वाचायला शिकले ती त्यांतूनच. समता, शोषण, एकजूट हे शब्द मला ‘भेंडी’ आणि ‘कोथिंबीर’ यांच्या आधी लिहिता यायचे. पण त्या एवढ्या कागदांत जावांबद्दल एक ओळ नव्हती.

मग एका हिवाळ्यात आई बर्फावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. बाबा कामासाठी परदेशी होते. काकू रोज संध्याकाळी यायची, स्वयंपाक करायची, भांडी लावायची आणि निघून जायची. दोघींना बोलायला विषय नव्हता. हवामान संपलं, भाज्यांचे भाव संपले. काकू शहराच्या ग्रंथालयात कामाला होती. त्या शांततेला कंटाळून एक दिवस ती तिथून डीव्हीडींचा जाडजूड संच घेऊन आली. चिनी सम्राटाचा महाल, त्यातल्या राण्या, उपराण्या, दासी. खाली जर्मन अक्षरं. कुणाच्या चहात काय मिसळलं, कुणाचा उखाळ्यापाखाळ्या काढणारा निरोप कुणाच्या कानी गेला, सम्राट आज कुणाच्या दालनात जेवणार... दोघी बघू लागल्या. आधी सोफ्याच्या दोन टोकांना बसून.

मला ती मालिका बघवत नव्हती. मी पुढ्यात जाऊन भाषणच दिलं : बायकाच बायकांच्या वैरी असतात, हा पुरुषसत्तेचा सगळ्यात लाडका प्रचार आहे आणि तुम्ही तो भजी खात बघताय.

काकूने शांतपणे एक भजं माझ्या हातात ठेवलं. “हो, हो, बरोबर आहे तुझं. आता सांग, आजच्या भागात सम्राट किती वेळा दिसला?”

“एकदा.”

“आला, चहा प्यायला, गेला. त्याला कारस्थान करावं लागलं का? नाही. दाराला कडी त्याची, भांडणं यांची. तुला राण्या दिसल्या गं, कडी नाही दिसली.”

आई हसली. काकूच्या बोलण्यावर तिला मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मग ती संध्याकाळ आली. मालिकेतली म्हातारी राजमाता एका राणीला जवळ बोलावते, तिचा हात हातात घेते आणि म्हणते, माझी केसांत खोवायची सोन्याची काडी मी तुलाच देणार आहे, फक्त कुणाला सांगू नकोस. पुढच्याच प्रसंगात ती दुसऱ्या राणीचा हात हातात घेते. तेच शब्द, तोच स्वर.

काकूने चित्र थांबवलं. पडद्यावर राजमातेचे ओठ अर्धवट उघडे तसेच राहिले. टीव्हीकडेच बघत काकूने विचारलं, “वैशाली... तन्मणी तुला देणार म्हणाल्यात का गं आई?”

आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. आजीचा मोत्यांचा तन्मणी म्हणजे घरातलं सगळ्यात जुनं लेणं.

“तुम्हालापण?” आई म्हणाली.

“तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला. ‘धाकटीला बोलू नकोस हं.’”

“मला बाळंतपणात. ‘थोरलीला वाईट वाटेल.’”

क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. फुटलं ते हसू. आई प्लास्टरमधला पाय धरून हसत होती आणि काकू डोळे पुसत म्हणत होती, “म्हणजे इतकी वर्षं मी मखरं कापत बसले ती कशासाठी गं!” हसता हसता दोघी रडायला कधी लागल्या ते मला कळलं नाही. मी उठून चहा टाकला. त्या वयात तेवढंच शहाणपण होतं माझ्याकडे.

माझा राग लगेच आजीकडे वळला. खलनायिका सापडली होती, पत्रक तयार होतं! काकूने ते फाडलं. “ती राजमाताही कधीतरी पोरगीच होती, दुसऱ्याच्या महालात आणलेली,” ती म्हणाली. “आईंच्या नावावर घर नाही, पैसा नाही. आपल्याला विचारलं जावं म्हणून त्यांच्याकडे होतं काय? एक तन्मणी. तो देऊन टाकला की संपलं.”

त्या उन्हाळ्यात आजी आली. तन्मणी तिच्या पर्समध्ये होता; ती तो कुणाच्याच भरवशावर सोडायची नाही. चहाच्या वेळी दोघी जावा तिच्या समोर एकत्र बसल्या.

“आई, आमचं ठरलंय. तन्मणी आम्हा दोघींनाही नको,” काकू म्हणाली.

आजीचा चेहरा उतरला. “कुणी काय सांगितलं तुम्हाला?”

“तुम्हीच सांगितलंत. दोघींना.”

आजी अगदी हळू म्हणाली, “आणि तो नसला तर मला कोण विचारणार?”

“अहो, आमटी बिघडली की तुम्हालाच विचारतो की आम्ही. तन्मणी आमटीत घालतो का?” काकू उठून तिच्या मागे गेली. “हा तुमचा आहे. तुम्हीच घाला.”

आजोबा गेल्यापासून आजीने गळ्यात काही घातलं नव्हतं. “आता? या वयात? लोक काय म्हणतील?”

“इथले लोक ‘गुटन मॉर्गन’ म्हणतील आणि पुढे जातील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी सुती साडीवर तन्मणी घालून दोन्ही सुनांबरोबर बेकरीत पाव आणायला गेली. बेकरीवाल्या बाईने गळ्याकडे बघून “श्योन”, म्हणजे सुंदर, असं म्हटलं. शब्द आजीला कळला नसेल. परत येताना तिची चाल मात्र बदलली होती. अजूनही पुण्यात ती तो रोज घालते.

त्यानंतर दोघींनी आपसांत एक नियम केला. कुणीही एकीपाशी दुसरीचं टोचणारं कौतुक केलं, की त्याच संध्याकाळी फोन करायचा. काकूचा फोन असा सुरू व्हायचा : “वैशाली, महालातून बातमी आहे. आज तुझ्या थालीपिठांवरून माझ्यावर हल्ला झाला.” मग अर्धा तास हसणं. मी कित्येक सभांना गेले, पण एकजूट म्हणजे काय ते मला त्या फोनांतून कळलं. माझ्या आईला अर्धं आयुष्य सरल्यावर एक सखी मिळाली, ती काकूने एक बटण दाबून एक अवघड प्रश्न विचारला म्हणून. काकू, याचे आभार मी तुला कधी नीट मानलेच नाहीत.

काकूच्या दिवसांना काकांकडे माणसं जमली होती. मराठी मंडळातल्या एक बाई, मनाने चांगल्याच, आईला म्हणाल्या, “सुनंदाताई असत्या ना, तर एवढ्या माणसांचं एकटीने केलं असतं हो त्यांनी.” आई काही बोलली नाही. पदर खोचून बोळकांडीत गेली, फोन काढला आणि सवयीने नंबर लावला. आतल्या खोलीत, काकूच्या उशीशेजारी, फोन वाजू लागला. काकांनी तो अजून बंद केला नव्हता. आईने फोन कानाला लावूनच ठेवला, पूर्ण वाजू दिला...

तुमचा फोन उचलणारी आज आहे. तुमची जाऊ, नणंद, कचेरीतली ती दुसरी बाई, जिच्याशी तुमची तुलना केली जाते. आज कुणी तिचं नाव घेऊन तुम्हाला टोचलं असेल, तर मनात ठेवू नका. संध्याकाळ व्हायच्या आत तिला फोन करा आणि काय ऐकलंत ते तिलाच सांगा.