कारणाचा रकाना

सुमन माझ्याशी शेवटचं बोलली ते गॅसबद्दल. पनवेलच्या दवाखान्यात सकाळी पेज घेऊन गेलो होतो. नाकात नळी, डोळे मिटलेले. मला वाटलं, एवढ्या वर्षांच्या संसाराचं काहीतरी बोलेल. नवऱ्याला वाटतंच. डोळे न उघडता बोलली, "रेग्युलेटर बंद केलात?" मी बोललो, "केला." "हात लावून बघितलात?" मी बोललो, "हो गं बाई, बघितला." बघितला नव्हता. दुपारी ती गेली. लोकांनी मला खांदेश्वरच्या घरी आणलं, तेव्हा चपला न काढता पहिला स्वयंपाकघरात गेलो. रेग्युलेटर बंदच होता... पण मी हात लावला नव्हता, हे तिला कळलं असणार. माझं सगळं तिला कळायचं. त्याला आता सहा आठवडे झाले.

मी फायर ब्रिगेडमधला माणूस. शिक्षण चौथी, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. बंबावर चढायला आणि पाइप ओढायला शिक्षण लागत नाही. पण आग विझली की एक फॉर्म भरायला लागायचा. ठिकाण, वेळ, काय जळालं, माणूस गेलं का, नुकसान किती, आणि शेवटी एक रकाना, आगीचं कारण. आग विझवण्यापेक्षा मला तो फॉर्म जड. सुमन कोकणातली, दहावी पास. अक्षर लावणीच्या रोपांसारखं, ओळीत उभं. मी पेन्सिलीनं काहीतरी खरडून आणायचो, ती पेनानं नीट उतरवायची. नियमात बसत नव्हतं, पण साहेबांना वाचता येईल असा कागद हवाच होता. हळूहळू आमच्या पाळीतल्या सगळ्यांचे फॉर्म नेरुळच्या आमच्या क्वार्टरमध्ये यायला लागले. तीन कागद, मध्ये दोन कार्बन. वरचा साहेबांकडे, मधला स्टेशनात, आणि सगळ्यात खालचा ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. बोलायची, "उद्या कुणी बोललं, असं लिहिलंच नव्हतं, तर?"

कारणाच्या रकान्यात आम्ही सगळे एकच लिहायचो, शॉर्ट सर्किट. जळालेल्या घरात वायर असतेच, ती जळालेली असतेच, आणि वायर काही उलटून बोलत नाही. सुमन मात्र तो रकाना कोरा ठेवून बाकीचं भरायची, मग पेन खाली ठेवायची. तिचे तीन प्रश्न ठरलेले. कुणी बघितलं? आधी कुठं पेटलं? दुसरं काय असू शकतं? एकदा सारसोळ्याला खाडीकाठची, जाळी ठेवायची खोपटी जळाली. माझा जोडीदार बाळू फॉर्म घेऊन आला.

"शॉर्ट सर्किट लिवा, वैनी."

"खोपटीत लाइट होती?"

बाळू हळूच, "नव्हती."

"मग शॉर्ट सर्किट काय भरतीच्या पाण्यातून आलं?"

बाळू दुसऱ्या दिवशी सायकल मारत परत सारसोळ्याला गेला. होडीला लावायला कुणीतरी डांबर तापवलं होतं, चूल नीट विझवली नव्हती. तेच लिहिलं तिनं. तिला कुठून तरी कळलं होतं की हे कागद वर जातात, तिथून आणखी वर, आणि शेवटी सगळ्या देशाच्या आगींचं एक पुस्तक होतं. किती आगी, कशानं, किती माणसं गेली. मी बोललो, "त्यात आपली खोपटी कोण बघतंय?" ती बोलली, "अहो, ते पुस्तक बघूनच ठरवणार ना, लोकांना कशापासून सांभाळायला सांगायचं ते. तुमी इथं कंटाळा केलात की तिकडं कुणाची तरी चूल तशीच धगधगत राहते." पेपरात अधनंमधनं बातमी यायची, जास्त आगी शॉर्ट सर्किटनं. ती मोठ्यानं वाचायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. "ह्यातल्या निम्म्या तुमच्या आळसानं!" तिचं ते हसणं... आता पेपर येतो, त्याची घडी पण मोडत नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. त्याच्यासाठीच लिहायला बसलोय. मी वहीत लिहिलं, सुनेनं नीट उतरवलं. तिला सांगितलं, शब्द बदलायचा नाही.

तीसेक वर्षं झाली. आमच्याच क्वार्टरला आग लागली. सुमन बाजारात गेलेली, मी पाळी संपवून गादीवर आडवा, हातात बिडी. क्वार्टरमध्ये बिडी ओढायला सक्त मनाई, आणि त्याच महिन्यात माझं नाव प्रमोशनसाठी वर गेलेलं. डोळा लागला. जाग आली तर पायाशी धूर. बादलीनं काय व्हायचं ते झालं, तोवर बाळू बंब घेऊन आला. गादी गेली. पलंगाखालची सुमनची रेक्झिनची बॅग गेली, आणि बॅगेत तिचं दहावीचं सर्टिफिकेट. बालवाडीत बाईची जागा होती, आठवड्यावर तिची मुलाखत. दुसरी प्रत हातात पडेपर्यंत जागा भरली.

बाळूनं मला विचारलं, "काय लिवू?" मी बोललो, "शॉर्ट सर्किट." आणि नेहमीसारखा तो कागद सुमनकडेच आला. जळक्या वासात, ओट्याला टेकून बसून तिनं सगळे रकाने भरले. नुकसानाच्या रकान्यात लिहिलं, किरकोळ. मग पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता विचारेल. एक पण प्रश्न विचारला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. बोललो, "नोकरी जाईल, सुमे." ती बाळूला बोलली, "भाऊजी, जरा बाहेर थांबा." कागद सरकवल्याचा आवाज आला, मग पेनाचा. बाळू फॉर्म घेऊन गेला. तिनं पेनाला टोपण लावलं आणि बोलली, "ह्यापुढं माझ्याकडे फॉर्म आणायचे नाहीत." परत एकही फॉर्म घरी आला नाही. मला प्रमोशन मिळालं. पेढे तीच वाटून आली.

भांडली असती तर बरं झालं असतं. पुढं पेपरात ती बातमी आली तेव्हा हसली नाही. बोलली, "ह्यात एक माझ्या अक्षरातलं," आणि पेपर घडी करून ठेवला. बिडी मी त्या दिवसापासून सोडली, ते तिला दिसलं असेलच. पण तोंडानं काही बोललो नाही. कितीदा ठरवलं. ती पोळ्या लाटत असायची, मी दारात जाऊन उभा राहायचो, ती मान न वळवता विचारायची, "भूक लागली?" आणि मी हो बोलायचो. अशी तीस वर्षं मी जेवलो.

मागच्या रविवारी सून माळा आवरत होती. "बाबा, हा डबा टाकू?" मी जवळजवळ हिसकावूनच घेतला. कागद पिवळे पडलेले, कार्बनची निळी अक्षरं फिकी, पण उभी. आमच्या क्वार्टरचा कागद शोधला. ठिकाण होतं, वेळ होती, गादी आणि बॅग होती. कारणाचा रकाना कोरा. वाटलं, पुसलं असेल. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. पेनाचा दाब उमटला होता, रंग नव्हता. तेव्हा तो कागद सरकवल्याचा आवाज आठवला... कारण लिहायच्या आधी तिनं खालचा कार्बन काढून घेतला होता. माझ्यासाठी खोटं लिहिलं, पण आपल्या कागदावर ते उतरू दिलं नाही. तिथं माझ्यासाठी जागा ठेवली होती. मी फक्त विचारायचं होतं, डबा कुठंय.

किरकोळ मात्र उतरलं होतं. ते तिनं उतरू दिलं होतं.

सुनेकडून पेन मागून घेतलं. रकाना लहान आणि माझं अक्षर बैलाच्या खुरासारखं. लिहिलं, बिडी, माझी. मी स्वतः बघितलं. आधी गादी पेटली. दुसरं काही असू शकत नाही. किरकोळ खोडावं असं फार वाटलं, कारण किरकोळ नव्हतं ते. पण अक्षर तिचं. तसंच ठेवलं. डब्याचं झाकण लावलं, उठून ओट्यापाशी गेलो आणि रेग्युलेटर हात लावून बघितला.

"बंद आहे गं," मी बोललो. सून बाहेरून बोलली, "कोण, बाबा?"