उजव्या पायावरचं वजन

शीळफाट्याला कंटेनर अचानक वळला आणि रत्नदीपची बाईक त्याच्या मागच्या चाकाखाली गेली. त्याचा जीव वाचला, पण उजव्या मांडीत रॉड घालावा लागला. कुरिअरचं काम सुटलं. कोपर स्टेशनजवळच्या घरात बसून पोरगा खचेल, म्हणून मोठी बहीण दीप्ती हिने त्याला डोंबिवलीतल्या ॲनिमेशनच्या क्लासला घातलं. चित्रकलेत त्याचा हात पहिल्यापासून चांगला.

हाड जुळलेलं. "आता बिनधास्त वजन टाका," डॉक्टरांनी एक्स-रे दाखवत सांगितलं. तरी तो काठी आणि डावा पाय यांवरच उभा राहायचा. उजव्यावर जरा भार आला की आत काहीतरी मोडतंय असं वाटायचं, डोळ्यांसमोर ते चाक यायचं.

क्लासमध्ये तेव्हा भार एका पायावर नेणं शिकवत होते. कॉम्प्युटरवरचा बाहुला दोन्ही पायांवर सरळ उभा असतो, त्याने एका पायावर रेलायचं. बाकीची मुलं आधी स्वतः तसं उभं राहून व्हिडिओ काढायची आणि तो बघून बाहुल्याला हलवायची. रत्नदीप अंदाजाने करायचा.

हेमांगी मॅडम त्याचं काम बघत होत्या. "तुझे सगळे बाहुले डाव्याच पायावर का जातात रे?"

त्याने उगाच माऊस फिरवला.

"एक उजव्यावर कर बघू."

त्याने केला, तर बाहुला हवेत तरंगल्यासारखा दिसायला लागला.

"कंबर पायावर आलीच नाही याची. स्वतः करून बघितलंस?"

"नाही मॅडम. भीती वाटते."

त्यांनी त्याच्या काठीकडे पाहिलं. "घाई नाही," एवढंच म्हणाल्या.

रविवारी दुपारी त्याने दीप्तीच्या हातात मोबाईल दिला आणि पलंगाकडे पाठ करून उभा राहिला. "पडलो तर मोबाईल टाक, मला धर."

"धरते. श्वास घे आधी."

त्याने काठी सोडली. कंबर उजवीकडे सरकली आणि मध्येच अडली. आता रॉड मांस फाडून बाहेर येणार, याची त्याला खात्रीच झाली. पुढच्या क्षणी तो धपकन पलंगावर बसला. बनियन घामाने चिंब झालेलं.

"जमलं नाही," तो म्हणाला.

"जमलं रे. हे बघ."

व्हिडिओत खांदे कानांपर्यंत चढलेले, पायाची बोटं लादीला घट्ट धरून बसलेली. कंबर अडते, जराशी मागे येते आणि मग एकदम पलीकडे जाते. एक क्षण डावी टाच उचललेली दिसते, म्हणजे जवळजवळ सगळा भार उजव्यावर. हे आपल्याला कळलंच नाही, या विचाराने तो आणखी घाबरला.

क्लासमध्ये त्याने बाहुला हुबेहूब तसाच हलवला.

"हा घाबरलाय," मॅडम म्हणाल्या, "पण याला वजन आहे."

"मध्ये अडतो ते काढू?"

"नको. राहू दे."

आता क्लासमध्ये चालणं शिकवतायत. रत्नदीप अजून काठी घेऊनच येतो. पण रोज संध्याकाळी घरी दाराची चौकट धरून तो उजव्या पायावर थोडा थोडा भार टाकतो. छाती तशीच धडधडते. दीप्ती समोर हात पुढे करून उभी असते.