लातूरच्या फटका डाळीपर्यंत

"तो फोटो आमच्या दुकानातला आहे," असा गौरीचा मेसेज आला आणि माझं सगळं फिरलं.

गौरी कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी दुसऱ्या वर्षीच कॉलेज सोडलं, ती शिकून लातूरला घरी गेली. माझं मन काही तिच्यातून निघालं नाही. इकडे किराण्याच्या दरांच्या फेसबुक ग्रुपवर कुणीतरी लातूरच्या एका दुकानाच्या भावफलकाचा फोटो टाकला. आमच्या आईनं किलोऐवजी अर्धा किलो डाळ आणायला सुरुवात केलेली. डोकं तापलेलंच होतं. आकडा मोठा दिसावा म्हणून मी फोटो कापला, शेजारी नांदेडचं आमचं बिल लावलं आणि वर लिहिलं, 'लातूरचे लुटारू'. धडाधड शेअर. मग गौरीचा मेसेज. फोन केला तर उचलेना.

सकाळी नांदेडहून एसटी धरली. लोहा, अहमदपूर, लातूर. साडेतीन तास धरून चला. सकाळी निघालात तर उजवीकडची खिडकी पकडा, ऊन लागत नाही. अहमदपूर स्टँडवर भजी गरम मिळतात, फक्त प्लेट आता लहान झालीय.

शेजारच्या सीटवरच्या मावशी पुढच्या बाईला मोबाईल दाखवत होत्या. "बघ गं, काय लूट हाय! म्या पाच ग्रुपवर टाकलं."

"कोणचं दुकान म्हणायचं?"

"काय की. तिकडचे समदे तसलेच."

माझाच फोटो. मी खिडकीकडे तोंड केलं.

गंजगोलाईच्या बाजारापासून दहा मिनिटं चाललं की दुकान. गल्ल्यावर कपाळाला भस्म लावलेले गौरीचे वडील, अप्पा. गौरी साखर मोजत होती. तिनं वर पाहिलं नाही. फलकावर ओळ होती 'तूरडाळ फटका', खाली 'सव्वा नंबर', कमी भावाची. माझ्या फोटोत 'फटका' नव्हतं, खालची ओळही नव्हती.

मी कोण आणि ती पोस्ट माझीच, ते सांगितलं. अप्पांनी दोन मुठी डाळ समोर ठेवली. "महाग कोणची, सांग बरं."

"दोन्ही डाळच की, अप्पा."

"ही फटका, एकसारखी, साफ. ही सव्वा नंबर, तुकडी. तुझ्या बिलात हीच असंल. आमच्याबी घरी हीच शिजते." त्यांनी डाळ बाजूला सारली. "भाव वाढलेत, खोटं न्हाई. पर दोन दिस झाले, गिऱ्हाईक मोबाईल बघून दारातूनच परत जायलंय."

माहीत नव्हतं, एवढं म्हणून सुटता आलं असतं.

"अप्पा, तो शब्द दिसला होता. मीच कापला. माफ करा."

साखरेचं माप थांबलं. "माफी इथं कशाला मागतोस?" गौरी म्हणाली. "जिथं शिव्या घातल्यास तिथं माग."

"चहा पिऊन जा," अप्पा म्हणाले. चहा पिऊन परतीची एसटी धरली.

संध्याकाळी घरी येऊन जुनी पोस्ट काढून टाकली. अख्खा फोटो टाकला, दोन्ही डाळींचा फरक लिहिला, 'मीच कापला होता' असंही लिहिलं. पहिली कमेंट: 'दुकानदारानं किती दिले?' दुसरी: 'जावई व्हायचंय काय बे?' बोटं शिवशिवली. चार ओळी शिव्या लिहिल्या, पुसल्या. मावशींच्या पाच ग्रुपांवरून मात्र तो फोटो मला पुसता येणार नाही. गौरीला पोस्ट पाठवली. तिनं पाहिली. एवढंच.

"डाळ संपली रे," स्वयंपाकघरातून आई.

"कोणती आणू?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"रोजचीच की! आजच काय झालं तुला?"

फोन तिथंच ठेवला, पिशवी घेतली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.