आईच्या खोलीत ठेवलेला फोन

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून ती काचा घासायची. लग्न केलं नव्हतं. भाऊ लांबच्या शहरात आपल्या संसारात गुंतलेला, त्यामुळे आई तिच्याच वाट्याला आली होती. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. मायलेकींचं चांगलं गूळपीठ होतं. जेवताना टीव्ही लावून दोघी बातम्या सांगणाऱ्याच्या नकला करत.

मग आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. एवढ्या बोलक्या बाईच्या तोंडात दोनच शब्द उरले, "असू दे." भूक लागली तरी असू दे, दुखलं तरी असू दे. घरी एकटीला ठेवता येईना आणि दुकान सोडलं तर चूल पेटणार नव्हती. शेवटी तिनं आईला शुश्रूषागृहात नेलं.

तिथे एका खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा. पलीकडे एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. पाय अधू, जीभ मात्र तरतरीत. "तुझ्या आईशी वाद घालण्यात अर्थ नाही," त्या म्हणायच्या, "शेवटचा शब्द तिचाच असतो." आई एका बाजूनं हसायची.

काही महिन्यांनी आईच्या दंडावर निळे डाग दिसले. व्यवस्थापक म्हणाला, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, नुसता हात लागला तरी डाग पडतो." तिला ते पटलं. पण पुढच्या खेपेला डागांना बोटांचा आकार होता. तिनं हळूच मास्तरीणबाईंना विचारलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मला इथंच दिवस काढायचेत गं," एवढंच म्हणाल्या.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, "पुरावा नसताना बोलू नकोस. आईला बाहेर काढतील, मग काय करशील?"

दुसऱ्या दिवशी तिनं आपला जुना मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून आईच्या उशाच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवला आणि कामाला निघून गेली.

संध्याकाळी तो घेऊन आली आणि घरी दार लावून ऐकत बसली. बराच वेळ नुसता पंखा. मग तिथल्या आयाचा आवाज, "तोंड उघड. नाटकं पुरे झाली." चमचा दातांवर आपटल्याचा आवाज. एक चापट, मग दुसरी. आणि आई, "असू दे. असू दे."

तिनं फोन उलटा ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा लावला, तर पुढे मास्तरीणबाई मुलाशी फोनवर बोलत होत्या. शाळेतला तो खणखणीत आवाज कुठच्या कुठे गेला होता. अंथरूण ओलं झालं की आया कशी ओरडते ते सांगत होत्या, रडत होत्या. "मला घेऊन जा रे. मी एका कोपऱ्यात पडून राहीन. सुनेच्या मध्ये येणार नाही."

हे आपण ऐकायला नको होतं, असं तिला वाटलं. पण त्या क्षणी डोक्यात आईच होती. काही न कापता तिनं ते सगळं भावाला पाठवलं आणि सकाळी पोलिसांकडे गेली.

वर्षभर आईला भेटायला न आलेल्या भावाचं रक्त उसळलं. त्यानं रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते फुटलं. दोन दिवसांत ते शुश्रूषागृहातल्या स्वयंपाक्यापासून मास्तरीणबाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचलं. लोक आयाला शिव्या घालत होते आणि मास्तरीणबाईंच्या मुलालाही. चोरून रेकॉर्डिंग केलं म्हणून त्या मुलानं तिच्याविरुद्ध तक्रार केली.

वकीलबाईंनी तिला समोर बसवून समजावलं. "बोलणाऱ्यांपैकी एकानं रेकॉर्ड केलं तर कायदा चालवून घेतो. तुम्ही त्या बोलण्यात नव्हतात. दुसऱ्यांचं बोलणं लपून टिपणं हा गुन्हा आहे. तुम्ही खोलीत बसून केलं असतं तर प्रश्न नव्हता."

"मी खोलीत बसले असते तर तिनं मारलं असतं का?"

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "आईंची संमती होती असं दाखवता आलं तर बघू."

चौकशी अधिकारी आईच्या खाटेशी खुर्ची ओढून बसला. माणूस वाईट नव्हता, सावकाश विचारत होता.

"मुलीनं फोन ठेवला, ते तुम्हाला चालणार होतं का?"

"असू दे."

"आयानं तुम्हाला मारलं का?"

"असू दे." आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अधिकाऱ्यानं दोन्ही उत्तरं लिहून घेतली. दोन्हींचा उपयोग झाला नाही.

ते रेकॉर्डिंग कोर्टात पुरावा म्हणून घेतलं नाही. मास्तरीणबाई बोलायला तयार झाल्या नाहीत, दुसरा साक्षीदार नव्हता, त्यामुळे आया सुटली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला तसल्याच कामाला लागली. हिला मात्र दोषी धरलं. दंड झाला, तुरुंग टळला. शुश्रूषागृहानं आईला घेऊन जायला सांगितलं. दुकानाच्या मालकानं माणुसकी दाखवली, काचा आणि त्या घासायचं यंत्र घरी न्यायची परवानगी दिली. आता यंत्र स्वयंपाकघरात होतं आणि आई त्याच्या आवाजात झोपायची.

मास्तरीणबाईंना भेटायचं मात्र तिला धाडस होत नव्हतं. शेजारणीला आईजवळ बसवून एका दुपारी ती गेली. आईच्या खाटेवर आता दुसरंच कुणी होतं. मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मुलगा तक्रार करून गेला तो परत फिरकलाच नव्हता, असं तिला दारातच कळलं होतं.

"बाई, मी चुकले," ती म्हणाली. "तुमचं बोलणं कापायला हवं होतं."



"आईसाठी केलंस, ते कळतं मला," मास्तरीणबाई भिंतीलाच म्हणाल्या. "मीही गप्पच बसले होते. पण ते मी माझ्या मुलाशी बोलत होते गं. आता तो फोनच उचलत नाही."

ती उभी राहिली. तिनं त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं; त्यांनी पाय आखडून घेतले.

"जाताना दार लावून घे," त्या म्हणाल्या.